आईचा कावळा

कावळे होते तोवर त्यांना कुणी विचारत नव्हतं. दहाव्याला तेवढी त्यांची मनधरणी चालायची. मग एका उन्हाळ्यात पाखरांचा ताप आला. कोंबड्यांवरून तो रानपाखरांत गेला, आणि मेलेलं खाणारा म्हणून कावळा त्यात सगळ्यांत आधी सापडला. बघता बघता सगळा कृष्णाकाठ कावळ्यांवाचून सुना झाला. बाकी कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते घाटावर.

दहाव्याला पिंड मांडायचे, लांब उभं राहायचं आणि कावळ्याची वाट बघायची. तो शिवला की गेलेलं माणूस समाधानाने गेलं. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा राहिली, मग नातेवाइकांनी हात जोडून एकेक शब्द द्यायचा: पोरांना अंतर देणार नाही, शेताची वाटणी करणार नाही, म्हातारीला सांभाळीन. कावळेच उरले नाहीत तेव्हा गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू लागले. ही सोय जुनीच, शास्त्राला ती चालत होती. माणसांना चालेना. गुरुजींच्या हातातला कावळा नेहमीच शिवतो, मग त्यातून कळायचं काय? लोकांना नाही म्हणू शकेल असा कावळा हवा होता.

तो पुण्यातल्या काही इंजिनिअरांनी केला. नाव ठेवलं 'वायस', पण लोक त्याला यंत्राचा कावळाच म्हणत. पातळ पापुद्र्यांचे पंख, पोटात बोटभर बॅटरी, डोळ्यांच्या जागी कॅमेरे, चोचीखाली माइक. उडणं ही त्यातली सोपी गोष्ट होती. अवघड काम होतं ते डोक्यात. माणूस गेलं की त्याच्या फोनमधली वर्षानुवर्षांची बोलणी आणि निरोप कंपनीला द्यायचे, आणि यंत्र त्यातून त्या माणसाचा ठसा काढायचं. ठसा म्हणजे आत्मा नव्हे, हे कंपनी आधीच बजावून सांगे. कुणाच्या आवाजाला हे माणूस कसं उत्तर द्यायचं, कशाने त्याचा घोर कमी व्हायचा, कशाने ते रुसायचं, कुठल्या शब्दानंतर 'बरं' म्हणून गप्प व्हायचं, याचा तो अंदाज होता. घाटावर नातेवाईक बोलू लागले की कावळा फांदीवरून ऐकायचा. हे ऐकून त्या माणसाचं समाधान झालं असतं असं ठशाला वाटलं की खाली उतरून शिवायचा. नाही वाटलं तर बसून राहायचा.

त्याला आवाज मात्र दिलेला नव्हता. त्याआधी मेलेल्यांशी गप्पा मारायची यंत्रं निघाली होती, आणि लोक कामधंदा सोडून त्यांच्यापुढे बसून राहू लागले तेव्हा सरकारने ती बंद केली. कावळ्याला परवानगी मिळाली, कारण तो फक्त येतो किंवा येत नाही. अट एकच, तेराव्याचं जेवण झालं की ठसा पुसायचा.

कऱ्हाडात हे इतकं रुळलं की लोक त्यात मानपान बघू लागले. आमच्याकडे मंत्र संपायच्या आत शिवला, असं लग्नातल्या आहेरासारखं सांगितलं जाई. ज्यांच्याकडे उशीर लागे त्यांच्या घरावरून जाताना शेजारी आवाज खाली घेत. थोरातांच्या हर्षदाला हे सगळं माहीत होतं, आणि तिचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

हर्षदा पन्नाशीची, बिनलग्नाची. घराच्या तळमजल्यावर तिची रक्त-लघवी तपासायची लॅब, वरच्या मजल्यावर ती आणि तिची आई नलिनीबाई. आईची साखर वाढलेली, गुडघे गेलेले, कानही अधू झालेले. तिची अंघोळ, गोळ्या, सकाळी बोटाला सुई टोचून साखर बघणं, सगळं हर्षदा करायची आणि शिवाय लॅब चालवायची. धाकटी केतकी न्यूझीलंडात ऑकलंडला. तिच्याकडे संध्याकाळ झाली की इथे सकाळी अकराच्या सुमारास तिचा फोन यायचा.

त्या फोनने हर्षदाच्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोला, रोज दुखायचं. साडेदहापासून आईची तयारी सुरू व्हायची. गाऊन बदलून धुवट साडी, केसांवर पाण्याचा हात, कपाळावर टिकली. हर्षदासमोर दिवसभर जी बाई 'आई गं' आणि 'नको गं' याखेरीज बोलत नसे, ती फोनवर खुदकन हसायची. वर म्हणायची, जरा दार लोटून घे गं. हर्षदा दार लोटायची आणि जिना उतरून दुसऱ्यांची रक्तं तपासायची. शेजारच्या बायकांना आई कौतुकाने सांगायची, केतकीने आठवणीने विचारलं, गुडघा कसा आहे म्हणून. त्याच गुडघ्याला तेल लावून हर्षदाच्या हाताचा वास जायचा नाही, पण त्याची बातमी होत नसे.

नलिनीबाई एका दुपारी झोपेतच गेल्या. अग्नी हर्षदाने दिला. दुसऱ्या दिवशी केतकी आली, आणि भेटायला येणारे दार उघडणाऱ्या हर्षदाला ओलांडून तिच्या गळ्यात पडू लागले. एवढ्या लांबून आली बिचारी, असं प्रत्येक जण म्हणे. हर्षदा चहा करत राहिली.

राख सावडली त्या दिवशी कावळ्याच्या कंपनीतल्या रेश्मा तांबोळी घरी आल्या. चाळिशीच्या पुढची, शांत, मोजकं बोलणारी बाई. त्यांनी आईचा फोन मागून घेतला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, की याखेरीज काही आहे का. घरातला स्पीकर, हातातलं घड्याळ, कानातलं यंत्र?

केतकी आत झोपली होती. हर्षदा म्हणाली, "नाही."

कानातलं यंत्र होतं. हल्लीची ही यंत्रं नुसता आवाज मोठा करत नाहीत. रोज कानावर पडणारं बोलणं ती साठवतात, त्यातून ओळखीचे आवाज शिकतात आणि गलक्यातून नेमका तोच आवाज वेचून कानात घालतात. हे साठवलेलं सगळं चार्जिंगच्या डबीत राहतं, हे यंत्र घेताना दुकानदारानेच तिला सांगितलं होतं. म्हणजे त्या डबीत हर्षदाचं सगळं बोलणं होतं. आणि ते कसलं होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. किती वेळा सांगायचं, उठ आता, परत गोळी थुंकलीस, मला दुसरी कामं नाहीत का.

त्यातही एक दिवस होता. कुणीतरी आणलेले पेढे आईने उशीखाली लपवले होते आणि हर्षदाने ते ओढून घेतले होते. आई पुटपुटली, केतकी असती तर तिने खाऊ दिलं असतं. हर्षदाचा तिळपापड झाला. ती म्हणाली, मग जा की तुझ्या केतकीकडे, तिथे तुझं कोण करतंय बघू. आई भिंतीकडे तोंड करून बसली. मग अकरा वाजले, फोन आला, दार लोटलं गेलं आणि आतून हसण्याचा आवाज आला. हे सगळं त्या डबीत होतं आणि चारचौघांसमोर कावळ्याने ते लक्षात ठेवून बसावं अशी हर्षदाची इच्छा नव्हती. तिने डबी लॅबच्या फ्रीजमध्ये औषधांच्या बाटल्यांमागे सारून दिली.

दहाव्याला घाटावर माणसं बऱ्यापैकी जमली. नदीत पाणी कमी होतं. रेश्माताईंनी डब्यातून कावळा काढून हातावरून सोडला, तो पिंपळाच्या खालच्या फांदीवर जाऊन बसला आणि मान तिरकी करून बघू लागला. ती तिरकी मान हर्षदाने लगेच ओळखली. ऐकू आलं नाही की आई अशीच मान करायची.

अग्नी तिने दिला म्हणून पहिला मान तिचा. तिने हात जोडले आणि ठरवून आणलेलं बोलायला सुरुवात केली. आई, तुझं शिलाईचं मशीन गरजू मुलीला देईन. केतकीचं माहेर तुटू देणार नाही. सिंधूमावशीकडे लक्ष ठेवीन. कावळा ढिम्म हलला नाही. तिने आवाज थोडा चढवला, तुझं वर्षश्राद्ध व्यवस्थित करीन म्हणाली. कावळ्याने पंखाखाली चोच घातली आणि परत सरळ बसला.

मागे कुजबुज सुरू झाली. आईची धाकटी बहीण सिंधूमावशी पुढे आली आणि कानाशी लागून एकेक सुचवू लागली: तिच्या पाटल्यांचं बोल, लग्नाचं बोल, तुझ्या लग्नाचा तिला घोर होता. पन्नाशीच्या बाईने घाटावर उभं राहून लग्नाचा शब्द द्यायचा, हे हर्षदाला जड गेलं, पण तिने तेही आपल्या परीने केलं. म्हणाली, आई, माझी काळजी करू नकोस. ऊन चढत गेलं. कुणीतरी खोकलं. गुरुजींनी हळूच दर्भाच्या जुडीकडे हात नेला.

यंत्र आहे, हर्षदा मनाशी म्हणत होती, बॅटरी आणि पापुद्रे आहेत. तरी नजर फांदीवरून काढत नव्हती. एवढ्या वर्षांत तिने आईकडे काही मागितलं नव्हतं. आज एवढंच मागत होती, की ये.

मग केतकी पुढे झाली. तिने हातही जोडले नाहीत. कावळ्याकडे बघून, फोनवर बोलतात तशा साध्या आवाजात ती म्हणाली, "आई, जेवलीस ना? मीपण जेवते आता. ठेवते हं, उद्या करते."

कावळा उतरला. सरळ पिंडावर आला, चोच टेकवली आणि परत फांदीवर जाऊन बसला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, गुरुजींनी हात जोडले. केतकीचा बांध फुटला. सिंधूमावशी तिला पोटाशी धरून, हर्षदाला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, "शेवटी धाकटीतच जीव अडकला होता गं नलूचा."

हर्षदाला रडू आलं नाही, राग आला, आणि तो आईचाच आला. पाट्या टाकल्यासारखे रोज तेच चार शब्द बोलणारीसाठी शिवलीस? उद्या करते म्हणे. करण्यासारखं तिने केलं काय तर फोन.

त्यानंतरचे दिवस तिने दात आवळून काढले. केतकी आईच्या खाटेवर झोपायची, ते सललं. केतकीने आईची शाल पांघरली, तेही सललं. शाल केतकीनेच पाठवलेली होती म्हणून जास्त सललं. समाचाराला येणाऱ्या बायका आता घाटावरची हकिकत ऐकून यायच्या आणि केतकीचा हात हातात घेऊन बसायच्या. एकदा केतकी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "ताई, मला माहीत नव्हतं असं होईल."

"तुला कसं माहीत असणार," हर्षदा म्हणाली. "तू इथे कधी होतीस?"

केतकी बाहेर निघून गेली आणि हर्षदाला जरा बरं वाटलं. ते बरं वाटणं पोळी भाजून होईपर्यंतही टिकलं नाही.

तेराव्याच्या आदल्या दिवशी ती कंपनीच्या कचेरीत जाऊन रेश्माताईंवर घसरली. तुमचं यंत्र बिघडलेलं आहे म्हणाली. ज्या मुलीने सगळं केलं तिला ते ओळखत नाही, हा कुठला ठसा? मी स्वतः प्रयोगशाळा चालवते, चुकीच्या नमुन्यावरून चुकीचा निकाल येतो हे मला शिकवू नका.

रेश्माताईंनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर आईच्या फोनमधलं सगळं बोलणं रंगांत मांडलेलं होतं. एक जाड हिरवा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो केतकीचा. मध्येमध्ये मोहरीएवढे लाल ठिपके होते. रेश्माताईंनी त्यातले काही उघडून दाखवले. 'गोळी घेतलीस?' 'खाली पेशंट आहे, हाका मारू नकोस.' 'डबा जिन्यात ठेवलाय.'

"हे तुमचं," त्या म्हणाल्या. "एवढंच आहे."

हर्षदा लाल ठिपके मोजू लागली.

"आईंचा तुमच्यावर राग होता असं तुम्हाला वाटतंय. राग असता तर ठशात दिसला असता. रागही नाही आणि मायाही नाही. तुम्ही त्यात नाहीच, ताई. एका घरात राहणाऱ्यांचं नेहमी असंच होतं. तुम्ही जिन्यातून हाक मारली असणार, त्यांनी वरून ओ दिली असणार. ते कुठे साठत नाही. लांबच्या माणसाचं सगळं साठतं." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "नमुना चुकीचा म्हणालात. नमुना तुम्हीच दिलात ना?"

हर्षदाला तोंडात मारल्यासारखं झालं. अपुरा नमुना पाठवून निकालावर भांडायला येणारे लोक तिने आयुष्यभर बघितले होते.

"कानातलं यंत्र होतं," ती म्हणाली.

रेश्माताईंना नवल वाटलं नाही. बऱ्याच घरांत असतं, त्या म्हणाल्या, आणि बरेच जण नाही म्हणतात. मोबाइलवर माणूस जपून बोलतो, घरात तसं बोलत नाही. उद्या जेवणापर्यंत ठसा पुसायचा नाही, तेव्हा डबी आणून दिली तर तो नव्याने काढता येईल. पण त्यांनी बजावलं, की घरातलं बोलणं आत गेलं की काय बाहेर येईल सांगता येत नाही. कदाचित कावळा कुणाकडेच येणार नाही. कदाचित तुम्हाला बघून उडून जाईल, आणि तेही पाहुण्यांसमोर.

घरी येऊन हर्षदाने फ्रीजमधून डबी काढली. उघडली तर आतल्या यंत्राला अजून आईच्या खोबरेल तेलाचा वास होता. ती स्टुलावर बसून राहिली. आत्ता आईच्या ठशात ती नव्हती. उद्या असेल, पण कशी असेल? वसवस करणारी, पेढे ओढून घेणारी, जा म्हणणारी. वरून केतकीचं हसू ऐकू आलं, मावशीबरोबर ती आईचे जुने किस्से सांगत होती. त्या किस्स्यांत सगळीकडे केतकी होती. हर्षदा उठली आणि डबी देऊन आली. आईच्या मनात आपण वाईट असलो तरी चालेल, पण असलं पाहिजे, एवढंच तिला तेव्हा वाटत होतं.

तेराव्याला गोड जेवण. वरणभात, पुऱ्या, मटकीची उसळ, भोपळ्याची भाजी आणि जिलेबी. माणसं पंगतीला बसायच्या आधी कावळ्याचं पान गच्चीवर ठेवायचं, आणि ते ठेवायला दोघी बहिणी आणि रेश्माताई एवढ्याच वर गेल्या. हर्षदाने कठड्यापाशी पत्रावळ मांडली. कावळा पाण्याच्या टाकीवर बसला होता. आज तो दहाव्याला बसला होता तसा बसला नव्हता. सारखी जागा बदलत होता, मान वळवून हर्षदाकडे बघत होता आणि तिने बघितलं की दुसरीकडे बघत होता.

"आधी तू," हर्षदा केतकीला म्हणाली. यात मोठेपणा नव्हता. आता तो केतकीकडे येतो का, हे तिला बघायचं होतं.

केतकीला डबीचं काही माहीत नव्हतं. ती तेच बोलली, जेवलीस ना, ठेवते हं, उद्या करते. कावळ्याने आवाजाकडे मान केली, ऐकून घेतलं, आणि जागचा हलला नाही. केतकीचा चेहरा पडला. हर्षदाच्या आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या आणि तिने त्या होऊ दिल्या.

मग ती पुढे झाली. आई, म्हणाली, माझं चुकलं असेल तर माफ कर. तुझ्यासाठी जे करायचं ते मी मनापासून केलं. तुझा आत्मा शांत होवो. आवाज तिचा तिलाच परका वाटत होता, सत्कार समारंभात बोलतात तसा. कावळ्याने तिच्याकडे पाठ केली.

ती थांबून राहिली. खालून सिंधूमावशीने जिन्यात येऊन हाक दिली, की हर्षदे, पंगत खोळंबलीय, काय ते आटप. ऊन पत्रावळीवर आलं होतं, वरणावर साय धरायला लागली होती. लॅबमध्ये कुणीतरी बेल वाजवत होतं. हर्षदाचं डोकं फिरलं.

"आई, बास झालं हं," ती म्हणाली. "कधीचं पान वाढून ठेवलंय, गार झालं सगळं. मला खाली शंभर कामं पडलीत. जेवतेस की उचलू ताट?"

कावळा टाकीवरून थेट खाली आला. आला म्हणजे लगबगीने आला, पंखही नीट मिटले नाहीत, आणि पत्रावळीसमोर उभा राहून त्याने एकदा हर्षदाकडे वर बघितलं. मग वरणभात ओलांडून, पुरी ओलांडून, चोच सरळ जिलेबीत घातली.

"गोड आधी नाही," हर्षदाच्या तोंडून गेलं. "आधी भात खा. साखर किती वाढलीय माहीत आहे ना?"

कावळा थांबला. मान तिरकी करून ऐकल्यासारखं केलं. भाताला नावापुरती चोच लावली, आणि परत जिलेबीकडे वळला.

हर्षदा पत्रावळीपाशी खाली बसली. रोज हेच व्हायचं. रोज, अगदी असंच. एवढ्या वर्षांत ती बोलली ते सगळं आईच्या कानात गेलं होतं, पेढ्यांचंही आणि केतकीकडे जा म्हटल्याचंही, आणि ते सगळं ऐकूनही आई जेवायला आली होती. नाही तर तिने जायचं कुठे आणि हर्षदानेही. तिला हुंदका आला, आणि या वेळी तिने तो आवरला नाही.

रेश्माताई दाराशी सरकून उभ्या राहिल्या. केतकी मात्र तिथेच होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते हर्षदाने ताबडतोब ओळखलं. आरशात ते तिने इतकी वर्षं बघितलं होतं.

"माझ्यापुढे ती कधी जेवली नाही," केतकी म्हणाली. "रोज विचारायचे मी. रोज म्हणायची, झालं बाई जेवून. चांगली साडी नेसून बसायची. मला आवडेल तेवढंच बोलायची. माझ्यावर एकदा चिडलीसुद्धा नाही गं, ताई. पाहुण्यांवर कोण चिडतं?"

हर्षदाला आधी आनंद झाला, लपवण्यात अर्थ नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा केतकीला तिचा हेवा वाटत होता आणि ती तो मिठाईसारखा चाखून बघत होती. पण त्या हेव्याची चव तिला फार ओळखीची होती. लोटलेल्या दाराच्या बाहेर उभं राहिलं की ती तोंडात येते. तिने शेजारची जागा हाताने झटकली.

"बस," ती म्हणाली. "आणि तिच्यावर ओरड. लाजू नकोस. जिलेबी सोडत नाहीये बघ ती."

केतकी बसली. तिला ओरडता येईना. दोनदा तोंड उघडून मिटलं, मग हळूच, चाचरत म्हणाली, "आई, भाजी पण खायची." कावळ्याने तिच्याकडे बघितलं आणि भाजीकडे बघितलंही नाही. हर्षदाला रडता रडता हसू आलं. भोपळा आई कुणासाठीच खात नसे.

खालून मावशीची हाक परत आली. रेश्माताईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि खिशातून ठसा पुसायचं बटण काढून हर्षदापुढे धरलं. नियमाप्रमाणे ते अग्नी देणाऱ्याने दाबायचं होतं.

हर्षदाने ते हातात घेतलं आणि पदराखाली ठेवलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "तिचं जेवण होऊ दे."